‘अर्धसत्य’ : समीक्षेतून निसटलेला मृत्यू

श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवर आधारित, विजय तेंडुलकरांची पटकथा लाभलेला आणि गोविंद निहलानी यांनी दिग्दर्शित केलेला ‘अर्धसत्य’ (१९८३) हा पोलीसजीवनावरील महत्त्वाचा हिंदी चित्रपट होय. सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला; ओम पुरी सर्वोत्कृष्ट अभिनेते ठरले. सदाशिव अमरापूरकरांच्या रामा शेट्टीचीही मोठी प्रशंसा झाली. या स्वागतात एक वाचन रूढ झाले : अनंत वेलणकर हा प्रामाणिक अधिकारी असून भ्रष्ट व्यवस्था त्याचा बळी घेते. ‘जंजीर’ (१९७३) मधील संतप्त पोलिसाशी होणाऱ्या तुलनेने हे वाचन अधिकच दृढ केले.

चित्रपटाचा तपशील मात्र या वाचनाला पुरता साथ देत नाही. वेलणकर लाच घेत नाही. परंतु स्वतःवर कारवाईची वेळ येताच राजकीय मध्यस्थाचा आधार स्वीकारतो. पुढे त्याच्या मारहाणीत कोठडीतील एक किरकोळ चोर मरण पावतो आणि सुटकेसाठी तो शेट्टीचेच दार ठोठावतो. बापाच्या हातून आईला होणारी मारहाण पाहत वाढलेल्या मुलाचे मन यातून उलगडते, हे खरे. तथापि कारणमीमांसा म्हणजे दोषमुक्ती नव्हे. अखेरीस शेट्टीच्या खुनाने प्रेक्षकाला समाधान लाभते आणि चोराचा मृत्यू विस्मरणात जातो. समीक्षाही बहुधा तेथेच थांबली.

तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) या नाटकाच्या बाबतीतही असेच घडले. फळांच्या चोरीवरून कोठडीत कोंडलेले परगावचे ब्राह्मण तेथे गुदमरून मरतात. वाद मात्र नाना फडणवीसांच्या चित्रणाभोवती आणि ब्राह्मणांच्या कथित बदनामीभोवती फिरत राहिला.

समाजात याच काळात कोठडीचा प्रश्न ऐरणीवर होता. महाराष्ट्रातील मथुरा खटल्यानंतरच्या आंदोलनामुळे १९८३ मध्येच कोठडीतील बलात्कारासंबंधीचा कायदा कडक झाला. अटकेसंबंधीची सर्वोच्च न्यायालयाची मार्गदर्शक तत्त्वे मात्र डी. के. बसू खटल्यात, १९९६ साली आली.

भ्रष्टाचार म्हणजे केवळ पैशांची देवघेव, हे गृहीतक या समीक्षेच्या मुळाशी दिसते. ज्याला कोणी जाब विचारू शकत नाही अशी सत्ता दुर्बलावर वापरणे, हाही भ्रष्टाचारच होय. हा अर्थ स्वीकारला तर ‘अर्धसत्य’ ही प्रामाणिक माणसाची शोकांतिका उरत नाही. स्वतःला प्रामाणिक मानणारा माणूस भ्रष्ट कसा होतो, याची ती कथा ठरते. त्या अनाम चोराला वगळून झालेले चित्रपटाचे मूल्यमापन म्हणूनच अपुरे आहे.