दूरसंपर्काचा ट्रान्सीव्हर : कोणत्या आकड्यावर भरवसा ठेवावा?

हौशी रेडिओ केंद्र काढायचे ठरले आणि परवान्याची तयारी सुरू झाली, की पहिला प्रश्न येतो तो ट्रान्सीव्हर कोणता घ्यावा हा. ट्रान्सीव्हर म्हणजे प्रेषक आणि ग्राही एकाच पेटीत बसवलेले यंत्र. त्याची किंमत काही हजार रुपयांपासून काही लाखांपर्यंत असते. एखाद्या हौशी माणसाला घेतलेला संच पसंत पडला नाही, तर तो दुसऱ्याला विकून मोकळा होतो. शाळेचे तसे नसते. देणगी एकदाच मिळते, वस्तू डेड स्टॉक रजिस्टरमध्ये चढते, आणि दूरचे काही ऐकूच आले नाही तर ती पेटी प्रयोगशाळेच्या कपाटात जाऊन बसते. तिच्याबरोबर मुलांचा उत्साहही कपाटात जातो. म्हणून लघुलहरींवरील दूरसंपर्कासाठी विकल्या जाणाऱ्या संचांची, आणि त्याहून अधिक ते निवडण्याच्या रूढ पद्धतीची, चिकित्सा करणे आम्हाला आवश्यक वाटते.

माहितीपत्रकात ग्राहकाच्या डोळ्यांत भरतील असे दोन आकडे ठळक छापलेले असतात : ग्राहीची संवेदनशीलता आणि प्रेषकाची शक्ती. आमच्या मते दूरसंपर्काच्या दृष्टीने हे दोन्ही आकडे दुय्यम आहेत. कसे ते पाहू.

संवेदनशीलतेचा आकडा

आयकॉम कंपनीचा आयसी-७३०० हा २०१६ साली बाजारात आलेला, जगभर खपलेला संच घ्या. त्याची संवेदनशीलता ०.१६ मायक्रोव्होल्ट अशी दिली आहे. याचा अर्थ असा की एवढ्या क्षीण संदेशाची शक्ती यंत्राच्या स्वतःच्या खरखरीपेक्षा सुमारे दहापट भरते. शक्ती दहापट म्हणजे व्होल्टता सुमारे तिप्पट. म्हणजे यंत्राची स्वतःची खरखर ०.०५ मायक्रोव्होल्टच्या आसपास आली. आकडा खरा आहे आणि कौतुकास्पदही आहे.

पण ग्राहीच्या पुढे अँटेना असते आणि ती संदेशाबरोबर जगाची खरखरही गोळा करते. दूरवरच्या विजांचा कडकडाट, आकाशगंगेतून येणारा गोंगाट, आणि माणसाने निर्माण केलेला गोंगाट : एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर, केबलच्या पेट्या. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या पी-३७२ या शिफारशीत अशा गोंगाटाची सूत्रे दिली आहेत. त्यांनुसार १४ मेगाहर्ट्झला निवासी वस्तीत बाहेरचा गोंगाट हा मूलभूत औष्णिक गोंगाटापेक्षा सुमारे ४० डेसिबेलने, म्हणजे दहा हजारपटीने जास्त असतो. बोलण्यासाठी लागणाऱ्या २.४ किलोहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात तो ग्राहीच्या तोंडाशी सुमारे अडीच मायक्रोव्होल्ट भरतो. यंत्राच्या स्वतःच्या खरखरीच्या तो पन्नासपट झाला. अगदी शांत खेड्यातही ही खरखर यंत्राच्या पाचपट असते.

भर बाजारात कुजबुज ऐकू येत नाही, याचे कारण कानाची तीक्ष्णता कमी आहे हे नसते. १४ मेगाहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यांत ०.१६ ऐवजी ०.१३ मायक्रोव्होल्टचा संच घेऊन काहीच पदरात पडत नाही. २८ मेगाहर्ट्झला, शांत जागी, या आकड्याला थोडा अर्थ येतो. एरवी तेच पैसे अँटेना दिव्यांपासून आणि तारांपासून दूर नेण्यासाठी लागणाऱ्या केबलवर खर्च करणे शहाणपणाचे.

वॅटचा मोह

दुसरा आकडा शक्तीचा. दहा वॅटच्या संचापेक्षा शंभर वॅटचा संच दहापट दूर जाईल, अशी समजूत विद्यार्थ्यांतच नव्हे तर मोठ्यांतही आढळते. ग्राहीवर संदेशाची तीव्रता एस-एककांत मोजतात आणि रूढ संकेतानुसार एक एस-एकक म्हणजे ६ डेसिबेल, अर्थात शक्ती चौपट. दहा वॅटचे शंभर वॅट केले की १० डेसिबेल मिळतात, म्हणजे पुरती दोन एककेही नाहीत. शंभराचे चारशे वॅट केले की एकच एकक. हा फरक निरर्थक नाही. संदेश खरखरीच्या काठावर असेल तेव्हा १० डेसिबेल निर्णायक ठरतात. पण त्यासाठी मोजलेली किंमत, तापणारी यंत्रे आणि १३.८ व्होल्टला २१ अँपिअरपर्यंत प्रवाह देणारा वीजपुरवठा, हे सारे हिशेबात धरले पाहिजे.

आता अँटेनाकडे वळू. मुंबई ते लंडन हे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. लहरी आयनांबरातून ३०० किलोमीटर उंचीवर परततात असे धरले, तर हे अंतर तीन उड्यांत कापायला त्यांना क्षितिजाशी सुमारे ८ अंशांचा कोन करून निघावे लागते. चार उड्या घेतल्या तर १४ अंशांचा. उड्या वाढल्या की प्रत्येक उडीत होणारी घटही वाढते. म्हणून दूरसंपर्काला लहान कोन हवा.

१४ मेगाहर्ट्झसाठी आडवी अर्धतरंग डायपोल अँटेना सुमारे १० मीटर लांब असते. ती जमिनीपासून ५ मीटरवर, म्हणजे पाव तरंगलांबीवर टांगली, तर तिची बहुतेक शक्ती सरळ वर जाते. १० मीटरवर नेली की मुख्य झोत ३० अंशांवर येतो. आदर्श वाहक जमीन धरून गणित केले, तर १० अंशांच्या कोनावर या दोन उंचींतील फरक साडेपाच डेसिबेलहून जास्त भरतो. लहान कोनांसाठी स्थूलमानाने नियम असा की उंची दुप्पट केली की शक्ती चौपट केल्यासारखे होते. शंभर वॅटचे जवळजवळ चारशे वॅट झाले, आणि तेही दोन बांबू आणि थोड्या नायलॉनच्या दोरीच्या खर्चात! शिवाय प्रेषकाची वाढवलेली शक्ती ऐकण्याच्या कामी येत नाही. अँटेनाची उंची दोन्ही दिशांना उपयोगी पडते. माहितीपत्रकात हे लिहिलेले नसते, कारण उंची विकता येत नाही.

गर्दीतला ग्राही

मग ग्राहीत पाहायचे काय? दूरच्या केंद्राचा क्षीण संदेश बहुधा एखाद्या प्रबळ संदेशाच्या शेजारीच सापडतो. स्पर्धेच्या दिवशी तर पट्टा आठवडी बाजारासारखा भरलेला असतो. समजा १४.०२० आणि १४.०२२ मेगाहर्ट्झवर दोन प्रबळ केंद्रे आहेत. ग्राहीच्या पहिल्या टप्प्यांची रेषीयता कमी पडली, तर १४.०१८ आणि १४.०२४ मेगाहर्ट्झवर दोन भुताटकीचे संदेश उमटतात. तेथे प्रत्यक्षात कोणीच बोलत नसते, पण तेथे असणारा खरा क्षीण संदेश त्याखाली गाडला जातो. यंत्रातील आंदोलकाची खरखर जास्त असेल, तर शेजारचा प्रबळ संदेश ती खरखरही आपल्या वारंवारतेवर आणून टाकतो. असे न होता क्षीण आणि प्रबळ संदेश एकाच वेळी पेलण्याचा जो पल्ला, त्याला डायनॅमिक रेंज म्हणतात. दूरसंपर्काच्या ग्राहीची खरी कसोटी ही आहे.

आकडा फसवतो कसा, याचे नामी उदाहरण येथेच सापडते. १९७० च्या दशकात ही चाचणी २० किलोहर्ट्झ अंतरावरील दोन संदेश वापरून घेत. त्या चाचणीत ड्रेक आर-४सी हा अमेरिकन ग्राही उत्तम ठरे. प्रत्यक्ष गर्दीत मात्र तो गोंधळून जाई, कारण त्याची पहिली गाळणी रुंद होती आणि २ किलोहर्ट्झवरचा शेजारी तीतून सहज आत येई. रॉबर्ट शेरवूड या अमेरिकन हौशी अभियंत्याने ही विसंगती दाखवून दिली आणि जवळच्या संदेशांची चाचणी घेण्याचा आग्रह धरला. पुढे ही चाचणी सर्वमान्य झाली. एलेक्राफ्टचा २००७ सालचा के-३ हा अरुंद पहिल्या गाळणीचा संच त्याच विचाराचे फळ होय.

शेरवूड यांचा तक्ता आज जगभर पाहिला जातो, पण बोर्डाच्या जुन्या गुणवत्ता यादीसारखा! पहिला कोण आणि पाचवा कोण यावर वाद चालतात. खुद्द शेरवूड सांगतात की मोर्स संदेशांसाठी २ किलोहर्ट्झवर ८५ डेसिबेलच्या आसपासचा पल्ला बहुतेक वेळा पुरतो आणि बोलण्यासाठी त्याहून कमी चालतो. म्हणजे १०० आणि १०५ मधला फरक प्रयोगशाळेत दिसेल, शाळेच्या गच्चीवर नाही.

तीन संच, तीन स्वभाव

आता तीन प्रकारच्या संचांकडे पाहू.

पहिला, वर उल्लेखलेला आयसी-७३००. शंभर वॅट, वजन सव्वाचार किलोच्या आत. अँटेनाकडून आलेला संदेश थेट अंकांत बदलून पुढचे सारे काम गणिताने करणारा हा संच आहे. त्याच्या पडद्यावर अख्खा पट्टा धबधब्यासारखा सरकताना दिसतो. शिक्षकासाठी हा मोठाच गुण आहे. वर्गातला एलईडी दिवा लावला की पडद्यावर गोंगाटाच्या रेषा उमटतात आणि मालवला की जातात, यासारखा पाठ फळ्यावर देता येत नाही. दोष असा की सगळ्या संदेशांचा भार एकाच अंकीकारकावर पडतो. त्याच्या पुढे गाळण्या आहेत, तरी जवळ प्रबळ प्रेषक असेल तर तो भरून वाहतो. तेव्हा अॅटेन्युएटर लावून संदेश मुद्दाम कमी करावा लागतो. दुसरा दोष अधिक खोल आहे. झाकण उघडले तरी विद्यार्थ्याला आत काय चालले आहे ते कळत नाही.

दुसरा, अशर फरहान या भारतीय हौशी अभियंत्याचा मायक्रो-बिटएक्स. मूळ बिटएक्स हा साध्या, सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून जोडता यावा म्हणून रचला होता. त्याचे विवर्धक दोन्ही दिशांना चालतात, ऐकतानाही आणि बोलतानाही. मायक्रो-बिटएक्सची सर्व मंडल-रचना खुली आहे आणि प्रत्येक टप्प्यावर मल्टिमीटर लावून पाहता येते. विद्यार्थ्याला रेडिओ समजावा यासाठी याहून चांगले साधन आम्हाला ठाऊक नाही. पण समीक्षेत भीड नको. याची शक्ती दहा वॅटच्या आसपास, आणि वरच्या पट्ट्यांत ती बरीच घटते. संदेशाची पातळी आपोआप सावरण्याची सोय मूळ संचात नव्हती, त्यामुळे प्रबळ केंद्र एकदम आले की कानठळ्या बसत. सुरुवातीच्या आवृत्त्यांतून नको त्या वारंवारतांवरही ऊर्जा बाहेर पडत असे. हौशी मंडळींनी ते मोजून उघडपणे मांडले आणि पुढील आवृत्तीत दुरुस्ती झाली. दोष दडवला न जाता सर्वांसमक्ष दुरुस्त होतो, हाही विज्ञानाचा एक पाठच आहे. जुनी आवृत्ती मिळत असेल तर ही दुरुस्ती झाली आहे की नाही ते आधी पाहावे.

तिसरा प्रकार जुन्या जपानी संचांचा. केनवूड टीएस-८३०एस सारखे १९८० च्या दशकातील संच अजूनही हातोहात फिरतात. त्यांचे ग्राही कानाला गोड लागतात, यात शंका नाही. पण अंतिम टप्प्यातील निर्वात नळ्या मिळणे अवघड झाले आहे, आत कित्येकशे व्होल्टचा दाब असतो, आणि यंत्र तापेपर्यंत वारंवारता सरकत राहते. जाणत्या माणसाच्या टेबलावर ते शोभतात. झाकण उघडायला उत्सुक असलेल्या मुलांच्या हाती ते देऊ नयेत.

येथे एका गोष्टीची नोंद हवी. १९९३ चे नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ टेलर आणि त्यांचे सहकारी स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ साली एफटी-८ ही संगणकावर चालणारी पद्धत आणली. अवघ्या ५० हर्ट्झ रुंदीत, कानाला ऐकूही न येणारे संदेश ती पकडते. दहा वॅटमध्ये दुसऱ्या खंडाशी संपर्क तिने सोपा केला. पण या पद्धतीत प्रेषक सुमारे तेरा सेकंद पूर्ण जोराने सलग चालतो. म्हणून संच कोणताही असो, शक्ती निम्म्यावर ठेवावी.

मग काय घ्यावे?

शाळेचा एकूण खर्च आधी ठरवावा आणि त्यातला चांगला हिस्सा अँटेना, केबल, वीज पडण्यापासून संरक्षण आणि वीजपुरवठा यांसाठी बाजूला काढावा. उरलेल्या रकमेत संच बसवावा. रक्कम थोडी असेल तर मायक्रो-बिटएक्स आणि मोर्सचा सराव. मोर्सची अरुंद गाळणी खरखर इतकी कमी करते की दहा वॅट पुरेसे होतात. रक्कम बरी असेल तर आयसी-७३०० च्या जातीचा संच घ्यावा, पण सोबत एखादा खुला संच जोडण्याचा प्रकल्पही ठेवावा. त्याहून महागड्या संचांचा विचार शाळेने करू नये. डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेले पंचविसावे सौरचक्र २०२४ च्या सुमारास शिखरावर होते. उताराच्या वर्षांत २१ आणि २८ मेगाहर्ट्झचे पट्टे मंदावतात, म्हणून ७ आणि १४ मेगाहर्ट्झची अँटेना आधी बांधावी. संच घेण्यापूर्वी परवाना, त्यावरील शक्तीची मर्यादा आणि चालू नियम पाहून घ्यावेत, हे सांगायला नकोच.

दूरसंपर्क हा नुसता पत्ते गोळा करण्याचा खेळ आहे, असा आक्षेप घेतला जातो. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी जगभरच्या हौशींशी संपर्क साधण्यासाठीच पोर्ट ब्लेअरला गेले होते. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, दूरध्वनी बंद पडले, आणि त्याच केंद्रावरून बेटांवरच्या माणसांची खबरबात मुख्य भूमीवर पोचू लागली. त्या सकाळी उपयोगी पडली ती उभी असलेली अँटेना आणि क्षीण संदेश ऐकायला सरावलेले कान. माहितीपत्रकातला कोणताही आकडा ही सवय मोजत नाही.

आठवी-नववीच्या वर्गाला एक काम द्यावे. साधा लघुलहरी रेडिओ घेऊन शाळेच्या आवारात फिरावे आणि खरखर कोठे सर्वांत कमी आहे ते नकाशावर टिपावे. अँटेनाची जागा तेथे. ट्रान्सीव्हरची निवड त्यानंतर करावी.