संन्यासी, चोर आणि ‘बॅटररॅम’

आज एकच गाणं घेऊ. टॉडी टी या कॉम्प्टनच्या रॅपरची पहिली सिंगल, ‘बॅटररॅम’, १९८५ची. आधी ती घरगुती कॅसेटवरून लॉस एंजेलिसच्या वस्त्यांमध्ये पसरली, मग रीतसर तबकडी निघाली.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. तिथल्या पोलिसांनी चिलखती गाडीला चौदा फुटी पोलादी दांडा बसवला होता. घरात कोकेन विकतात असा संशय आला की भिंतच फोडायची! फेब्रुवारी १९८५मध्ये पकोइमा भागात एक घर असं फोडलं, तेव्हा पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स स्वतः त्या गाडीवर होते. आत सापडल्या दोन बायका, तीन मुलं आणि चिमूटभर गांजा.

गाण्याची ताकद कशात आहे? बातम्यांचे कॅमेरे भिंतीबाहेर उभे राहतात. टॉडी टी आपल्याला भिंतीच्या आत बसवतो. गाण्यातला माणूस आपल्या घरात आहे आणि यंत्र दारात आलंय. ठेका नाचायला लावणारा, आणि म्हणूनच भीती जास्त अंगावर येते.

पण बघा, गाण्यातल्या माणसाची तक्रार नेमकी काय आहे? ‘तुमची चूक होतेय, हा अड्डा नव्हे.’ शिवाय तो माल विकणाऱ्यांनाही बोल लावतो. आपल्याकडे म्हण आहे ना, ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’. आपण हळहळतो ती संन्याशासाठी. चोराला फाशी योग्य का, हे म्हण विचारतच नाही. हे गाणंही तिथेच थांबतं, असं माझं मत. अड्डा खरा असता, तर त्यातल्या मुलांवर भिंत पाडायची होती का?

या प्रश्नाला उत्तर दिलं ते न्यायालयानं. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८७ साली सांगितलं, की असं यंत्र वापरण्याआधी न्यायाधीशाची परवानगी घ्या. ही अट संन्याशाच्या घराला लागू होते, तशी चोराच्याही.

म्हणून गाणं छोटं ठरतं का? मुळीच नाही. निरपराध माणसाचा आक्रोश ऐकू आला, तरच पुढचा प्रश्न सुचतो. मात्र तो विचारायचं काम ऐकणाऱ्याचं आहे. ‘तो निर्दोष होता’ एवढ्यावरच आपला निषेध संपत असेल, तर दोषी माणसाला आपण परस्पर त्या यंत्रापुढे उभं केलेलं असतं.