तंतू दिसला, पण तो कशाचा?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी सिनॉप्सिसमध्ये मी बिनधास्त लिहिलं होतं, "जिओबॅक्टरचे पिली वीज वाहून नेतात." पुढे दोन संदर्भ टाकले की झालं! सादरीकरणात कमिटीतल्या एका मॅडमनी शांतपणे विचारलं, "तो तंतू पिलीचाच आहे, हे कोणत्या आकृतीत दिसतं?" मी मनातल्या मनात सगळ्या आकृत्या आठवल्या आणि गप्प बसले. कारण मी पेपरचा सारांश वाचला होता, पुरावा नाही.

म्हणून आज त्याच पेपरची चिकित्सा करू. 2005 साली 'नेचर'मध्ये आलेला, जेम्मा रेगुएरा आणि डेरेक लव्हली यांच्या गटाचा हा शोधनिबंध. पेपर वाईट आहे असं अजिबात नाही. उलट चांगल्या पेपरमध्येसुद्धा फट कुठे राहू शकते, हे शिकायला याच्याइतकं चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आधी प्रश्न समजून घेऊ. जिओबॅक्टर सल्फरिड्यूसेन्स हा मातीतला जिवाणू. आपण श्वसनात शेवटी ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देतो, हा लोहाच्या ऑक्साइडला देतो. पण हे ऑक्साइड पाण्यात विरघळत नाही, म्हणजे ते पेशीच्या बाहेरच राहणार. मग इलेक्ट्रॉन बाहेर जातो कसा? पेपरचं उत्तर होतं: पिलीमधून, तारेतून जावा तसा.

त्यासाठी मुख्य पुरावे दोन. एक, पिलीचा जीन (पिलए) काढून टाकला, तर जिवाणू लोहाच्या ऑक्साइडला चिकटतो, पण त्याला इलेक्ट्रॉन देऊ शकत नाही. दोन, ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपची वीजवाहक सुई तंतूवर टेकवली, तर प्रवाह मिळतो.

आता एकेक तपासू.

पहिल्या पुराव्यातून पिलए आवश्यक आहे एवढं नक्की कळतं. पण आवश्यक असणं म्हणजे तार असणं नव्हे. घरातली बोअरची मोटार काढून ठेवली तर नळाला पाणी येत नाही. म्हणून मोटार हाच पाइप, असं आपण म्हणतो का? नॉकआउटचा प्रयोग एवढंच सांगतो की साखळीतली एक कडी तुटली. त्या कडीचं काम काय, हे सांगत नाही.

दुसऱ्या पुराव्यात दोन अडचणी आहेत. मोजलेला प्रवाह तंतूच्या जाडीतून, म्हणजे वरून खाली गेलेला होता, लांबीच्या दिशेने नाही. आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे सुईखालचा तंतू कोणत्या प्रथिनाचा, हे त्या मोजमापातून कळतच नाही.

रचनेचा भाग इथे महत्त्वाचा आहे. टाइप 4 पिलीचं प्रथिन साधारण असं असतं: सुरुवातीला लांब हेलिक्स, शेवटी गोळ्यासारखं डोकं. हेलिक्स आत एकमेकांना बिलगून गाभा बनवतात, डोकी बाहेर राहतात. जिओबॅक्टरचं पिलए फक्त 61 अमिनो आम्लांचं, म्हणजे जवळजवळ नुसतं हेलिक्स. डोकं नाही, म्हणजे ॲरोमॅटिक कडी जवळ येऊन वीज वाहत असेल, ही कल्पना तिथून जोर धरू लागली. मॉडेलं आली, पण ती दुसऱ्या जिवाणूंच्या पिलीवर बेतलेली होती. जिओबॅक्टरचा तंतू अणूंच्या पातळीवर कोणी पाहिलेलाच नव्हता.

माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखा टप्पा 2010 चा. ओएमसीएस नावाचं सायटोक्रोम (हीम असलेलं प्रथिन) शोधणाऱ्या अँटिबॉडी वापरल्या, तर त्या तंतूच्या लांबीवर ओळीने बसलेल्या दिसल्या. अर्थ काय लावला? ओएमसीएस पिलीवर बसलेलं आहे. तंतूच ओएमसीएसचा असेल, हा दुसरा अर्थही त्याच चित्रात बसत होता. पण तंतू म्हणजे पिली हे आधीच ठरलेलं होतं ना!

2019 मध्ये 'सेल'मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने 3.7 अँगस्ट्रॉमवर काढलेली रचना आली. तंतू पिलएचा नव्हताच. ओएमसीएसचे रेणू एकापुढे एक जोडलेले, प्रत्येकात सहा हीम, आणि शेजारच्या हीममधलं अंतर 3.5 ते 6 अँगस्ट्रॉम. या पेपरच्या प्रमुख लेखकांपैकी निखिल मालवणकर आधी लव्हलींच्याच गटात पिलीच्या वीजवहनावर काम करत होते. पुरावा बदलल्यावर मत बदलणं म्हणजे काय, ते इथे दिसतं.

मग पिलए करतं काय? 2021 चा 'नेचर'मधला पेपर म्हणतो, ते पिलए-सी या जोडीदाराबरोबर तंतू बनवतं, म्हणजे हरवलेलं डोकं शेजारच्या जीनमध्ये होतं. वीजनिर्यात चालू असताना हा तंतू पेशीच्या दोन आवरणांमध्येच राहतो आणि सायटोक्रोमचे तंतू बाहेर काढायला मदत करतो. त्याची वाहकता ओएमसीझेड या दुसऱ्या सायटोक्रोम तंतूपेक्षा 20,000 पटीने कमी निघाली. थोडक्यात, मोटार ती मोटारच निघाली. 2005 चा नॉकआउट निकालही खोटा ठरत नाही, फक्त त्याचा अर्थ बदलतो.

वाद पूर्ण मिटलाय असं मात्र लिहू नका. लव्हलींच्या गटाने 2021 मध्येच थेट पेशीतून निघणारे तंतू मोजले आणि बहुतेक तंतू 3 नॅनोमीटर जाडीचे, वाहक आणि पिलीशी जुळणारे आहेत असं मांडलं. माझा आक्षेप तोच: जाडीवरून प्रथिनाची ओळख पटवणं म्हणजे उंचीवरून माणूस ओळखणं. त्या 3 नॅनोमीटरच्या तंतूची अणुपातळीवरची रचना समोर आली, तर मी हा लेख आनंदाने दुरुस्त करेन.

तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर पेपर वाचताना वहीत तीन रकाने आखा: काय मोजलं, काय पाहिलं, काय मानून घेतलं. माझ्या सिनॉप्सिसमधलं ते वाक्य तिसऱ्या रकान्यातलं होतं. मी ते पहिल्या रकान्यातलं समजून त्यावर अख्खा पहिला उद्देश उभा केला होता. तो नव्याने लिहायला चार महिने गेले. तुमचे वाचले तर बरं!