सळ्या सोडलेले घर

'ग्रँड डिझाइन्स' ही ब्रिटिश मालिका १९९९ साली चॅनल फोर वाहिनीवर सुरू झाली आणि पंचवीस वर्षे उलटली तरी टिकून राहिली. प्रत्येक भागाचा साचा ठरलेला. एखादे जोडपे नकाशा दाखवते, खर्चाचा आकडा सांगते. निवेदक केव्हिन मॅक्लाउडला तो पटत नाही. मग पाऊस, चिखल, वेळेवर न आलेल्या खिडक्या, आटलेले पैसे. अखेरीस तो घरभर फिरतो आणि निवाडा देतो.

तरीही मालिका कंटाळवाणी होत नाही, कारण ती अपयश झाकत नाही. २०१९ मध्ये दाखवलेले उत्तर डेव्हनच्या कड्यावरचे दीपगृहासारखे घर अर्धवटच होते. मालक कर्जात बुडालेला, संसार मोडलेला. उलट बेन लॉने ससेक्सच्या रानात, तिथल्याच लाकडातून उभारलेले घर (२००३) मॅक्लाउडचे आणि प्रेक्षकांचेही लाडके ठरले. त्यात थाट काहीच नव्हता.

ही मालिका पाहताना मला सारखे शेळगाव डोळ्यांपुढे येते. इंदापूर तालुक्यातल्या या उसाच्या पट्ट्यात साध्या माणसाचे घर एका दमात होत नाही. उसाचे बिल आले की जोते, पुढच्या हंगामाला भिंती, पोराचे लग्न ठरले की स्लॅब. गच्चीवर सळ्या तशाच सोडलेल्या, वरच्या मजल्याच्या आशेने. व्याज टाळू पाहणाऱ्या आपल्या कुटुंबांना तर दुसरा मार्गच नसतो. मॅक्लाउडच्या हिशेबात हे रखडलेले बांधकाम. आपल्याकडे ती बांधण्याची रीतच आहे.

कॅमेरा आपल्याकडेही येतो म्हणा! २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशातल्या ग्रामीण घरकुलासाठी मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपये, किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर. प्रत्येक टप्प्याचा फोटो अक्षांश-रेखांशासह मोबाइलवरून चढवायचा, तेव्हा पुढचा हप्ता. टप्प्याटप्प्याने तीच भेट, तेच चित्रण. फक्त चूल कुठे मांडायची, म्हातारीची खाट कोणत्या भिंतीला लावायची, हे त्या फोटोत येत नाही. मालिकेचे सामर्थ्य नेमके अशा प्रश्नांत आहे.

म्हणूनच २०१० चा 'स्लमिंग इट' खटकतो. मॅक्लाउड दोन आठवडे धारावीत राहिला, गटारे आणि उंदीर पाहून हादरला, शेजारधर्म पाहून भारावला. दोन्ही भावना खऱ्या असतील. पण इंग्लंडमध्ये तो समोरच्याला विचारतो, तुला काय बांधायचे आहे? धारावीतला माणूसही बांधणाराच आहे. पोटमाळा चढवतो, खाली कारखाना, वर बिऱ्हाड बसवतो. त्याला हा प्रश्न त्याच हौसेने विचारला गेला, असे मला वाटले नाही. तिथे माणसे वस्तीचा नमुना होतात; घरमालक होत नाहीत.

शेळगावच्या घरावर असा कार्यक्रम करायचा तर निवेदकाला पंधरा वर्षे दर हंगामाला यावे लागेल. नकाशा मागितला तर गवंडी बोटाने मातीत रेघ ओढून दाखवील, आणि घरची बाई ती पायाने पुसून दार पूर्वेला सरकवील. तेवढे चित्रित झाले तरी एक भाग होईल.