भिंतीवरचे चित्र, चौकटीतले चित्र

चित्र कसे आहे, हे आपण नेहमी विचारतो. ते कोणत्या जागेसाठी काढले होते, हे सहसा विचारीत नाही. फ्लॉरेन्समध्ये मात्र हा दुसरा प्रश्न टाळता येत नाही. आमच्या सहलीत या शहराच्या वाट्याला एकच दिवस आला होता. माणसे तीस, त्यांत चार आजीबाई आणि पाच शाळकरी मुले. पाहायची संग्रहालये तीन. एवढ्या घाईतही एक गोष्ट मनात पक्की झाली, तीच येथे मांडतो.

सकाळी अकादेमियात मायकेलअँजेलोचा ‘डेव्हिड’ पाहिला. १५०४ साली पुरा झालेला, पाच मीटरांहून उंच असा हा पुतळा मुळात शहराच्या मुख्य चर्चवर उंच चढवायचा होता. पण उभा राहिला तो राज्यकारभाराच्या वाड्यासमोर, भर चौकात. तेथे तो नगरराज्याचा राखणदार होता. १८७३ मध्ये त्याला आत आणून ऊन-पावसापासून वाचवले, हे योग्यच झाले. पण घुमटाखाली राखणदार हरवला आणि देखणा तरुण तेवढा उरला. त्याची ती रोखलेली नजर कोणावर आहे, याची चौकशी आता कोण करतो? जो तो मोबाइल उंच धरून छायाचित्र घेतो.

तेथून चार पावलांवर सान मार्कोचा मठ आहे. मेदिची घराण्यातील कोसिमोच्या पैशाने मिकेलोत्सोने तो नव्याने बांधला आणि फ्रा आंजेलिको या साधूने १४४० च्या सुमारास साहाय्यकांसह त्याच्या भिंती रंगवल्या. जिना चढून वर येतो न येतो तोच समोर देवदूत दिसतो. येशू तुझ्या पोटी येणार, असा निरोप तो मेरीला देत आहे. चित्रातल्या कमानी खालच्या अंगणाभोवतीच्या कमानींसारख्याच. जणू निरोप याच मठाच्या पडवीत आला! येथून मुक्याने जाऊ नकोस, वंदन कर, अशा अर्थाचे शब्द चित्राखाली आहेत. पुढे साधूंच्या लहान लहान खोल्या आणि प्रत्येकीत एक चित्र. तिसऱ्या खोलीत हाच प्रसंग पुन्हा आहे. पण तेथे ना बाग, ना अलंकार. उघड्या भिंती, देवदूत, मेरी आणि कडेला हात जोडलेला एक संत. एकट्या माणसाने रोज पाहायचे हे चित्र. त्याने अधिक बोलावे कशाला? आमच्या मुलांचाही आवाज तेथे आपोआप खाली आला.

दुपारी उफीत्सीत तोच प्रसंग लिओनार्दोच्या हातचा पाहिला. १४७२ च्या सुमाराचे हे चित्र शहराबाहेरच्या एका मठातून १८६७ मध्ये येथे आले. दूरचे धूसर डोंगर, देवदूताच्या पायाशी फुललेली हिरवळ, सारेच अपूर्व. परंतु ग्रंथावर टेकलेला मेरीचा उजवा हात फार लांब झाला आहे, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. हे चित्र उजव्या बाजूने, तिरके पाहायचे होते, असे काही अभ्यासक म्हणतात. मी उजवीकडे सरकलो, आणि हात खरोखरच आटोपशीर दिसू लागला. तोवर आमच्या मार्गदर्शकाची छत्री पुढच्या दालनात पोचली होती! चित्रकाराची चूक म्हणून जी दाखवतात, ती कदाचित जागा बदलल्याची खूण असेल.

म्हणून संग्रहालये वाईट, असे मुळीच नव्हे. चिमाबूए, दूच्चो आणि जोत्तो यांनी तीन निरनिराळ्या चर्चसाठी रंगवलेल्या तीन मेरीमाता उफीत्सीत एकाच दालनात आहेत. सोनेरी पार्श्वभूमीवरच्या आकृतीला देह आणि वजन कसे येत गेले, हे तेथे शाळकरी मुलालाही पाच मिनिटांत कळते. कोणतेही देवालय हे शिकवणार नाही. संग्रहालय तुलना शिकवते, मूळ जागा अर्थ सांगते. आणि माझ्या मते अर्थ आधी हवा.

अजिंठ्याचे विहार पाहिलेल्या मराठी माणसाला हे पटवून द्यायला नको. तीही भिक्षूंच्या राहत्या जागेतलीच चित्रे. तेथला पद्मपाणी उचलून एखाद्या लखलखीत दालनात टांगला, तर रेषा तीच राहील. पण अंधारातून हळूहळू उजळत येणारे ते रूप कोठून आणायचे? तेव्हा फ्लॉरेन्सला एकच दिवस मिळाला, तर यादीतले दुसरे एखादे नाव खुशाल खोडावे. सान मार्कोचा जिना मात्र चढावा.