बेथेल कोणी वसविले?

मिशनांचा इतिहास मराठीत वाचावयास घेतला की त्यातील क्रियापदे आम्हांस नेहमी खटकतात. मिशनरी 'आले', त्यांनी शाळा 'उघडली', दवाखाना 'काढला', अमुक इतक्या जणांना बाप्तिस्मा 'दिला'. ज्यांनी तो घेतला त्यांच्या वाट्याला क्रियापद सहसा येत नाही, आकडा तेवढा येतो. परदेशी मिशनऱ्याने आपल्या मायदेशी धाडलेल्या अहवालांत असे व्हावे हे समजण्यासारखे आहे. तेथील देणगीदारांना आपल्या पैशाचे काय झाले हे कळावयास हवे होते. परंतु उपदेशक मराठी, श्रोते मराठी आणि भूमीही मराठी, असे असताना इतिहास मात्र त्याच व्याकरणात लिहिला जावा, हे आम्हांस पटत नाही. जालन्याजवळच्या बेथेल या ख्रिस्ती वसाहतीची कथा या दृष्टीने तपासून पाहण्यासारखी आहे.

बेथेलचे संस्थापक रेव्हरंड नारायण शेषाद्री. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या विद्यालयात शिकलेला हा ब्राह्मण तरुण १८४३ साली ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपाद हाही मिशनऱ्यांकडे राहावयास गेला होता. तो अल्पवयीन असल्याने मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. पुढे त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही, यावरून मुंबईत मोठे वादळ उठले. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले व त्यापायी त्यांना स्वजनांचा रोष सोसावा लागला. मराठी वाचकाला शेषाद्री हे आडनाव ठाऊक असते ते बहुधा या प्रकरणामुळे, म्हणजे धाकट्या भावामुळे. थोरल्याचे पुढे काय झाले, हे आपल्या सामाजिक इतिहासकारांनी फारसे विचारले नाही. जो परत आला त्याची कथा लिहिली गेली. जो गेला तो मिशनच्या इंग्रजी कागदपत्रांत जाऊन राहिला.

नारायण शेषाद्री यांना १८५४ साली फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडची धर्मगुरुदीक्षा मिळाली आणि १८६० नंतरच्या काही वर्षांतच ते जालन्यास आले. कुंडलिकेच्या एका तीरावर जुना जालना, दुसऱ्या तीरावर नवीन जालना, शेजारी हैदराबाद कंटिंजंटची छावणी, आणि सत्ता निजामाची. मुंबईचा हा ब्राह्मण येथे आला तो एका अर्थी परराज्यातच आला, पण भाषेच्या दृष्टीने तो घरी होता. त्याचे ऐकून घेतले ते मुख्यतः मांग समाजाने. या नवख्रिस्ती कुटुंबांना गावकुसाबाहेरच्या जिण्यातून सोडवावयाचे तर त्यांना स्वतःची जमीन हवी, हे शेषाद्रींनी ओळखले. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्या सरकारकडून त्यांनी जमीन मिळविली, विहिरी खोदविल्या, चर्च बांधविले आणि वसाहतीला उत्पत्तीच्या पुस्तकातील याकोबाच्या त्या मुक्कामाचे नाव दिले. धोंडा उशाला घेऊन निजलेल्या परागंदा माणसाला जेथे देवाचे घर दिसले, ते बेथेल. नाव समर्पक होते, यात शंका नाही.

मात्र आताच आम्ही जी वाक्ये लिहिली ती पुन्हा वाचावीत. 'मिळविली', 'खोदविल्या', 'बांधविले'. खोदणारे हात या वाक्यांतून निसटले आहेत. बेथेलविषयी जे जे लिहिले गेले त्याचा सूर हाच आहे. १८७३ साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत शेषाद्री बोलले, तेव्हा पाश्चात्त्य श्रोत्यांना ब्राह्मण ख्रिस्ती झाल्याचे केवढे अप्रूप वाटले असेल, याची कल्पना करता येते. परंतु बेथेलमधले बहुसंख्य लोक ब्राह्मण नव्हते. जातीची उतरंड ज्या धर्मात नाही असे सांगितले जात होते, त्याच धर्माच्या इतिहासात ब्राह्मणाचे नाव पहिल्या पानावर आणि मांगाचे नाव कोठेच नाही, ही विसंगती अहवालकारांना जाणवलेली दिसत नाही. यात शेषाद्रींचा दोष नाही. उच्चवर्णीय सुशिक्षिताने छावणीच्या गावी येऊन मांगांच्या जमिनीसाठी निजामाच्या दिवाणाकडे खेटे घालावेत, ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. ते थोर होते. आमची तक्रार त्यांच्या चरित्रकारांशी आहे.

त्या लोकांना लिहिता कोठे येत होते, असे यावर कोणी म्हणेल. त्याचे उत्तर मराठी वाङ्मयातच आहे. शेषाद्री जालन्यास येण्यापूर्वी, १८५५ साली, जोतीराव फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदया'त, म्हणजे एका मिशनच्याच पत्रात, छापला गेला. लेखणी हाती दिली तर लिहिणारी मुले होती आणि छापणारी मिशनची पत्रेही होती. उणीव होती ती विचारणाऱ्याची.

याच प्रश्नाला एका अगदी निराळ्या पंथाने कसे तोंड दिले, हे येथे पाहावेसे वाटते. मेनोनाइट हे नाव आपल्या धर्मग्रामांत फारसे कोणी ऐकलेले नसेल. त्यांचे मूळ पुरुष मेनो सायमन्स हे फ्रीझलंडमधील कॅथलिक धर्मगुरू होते. १५३६ साली त्यांनी आपली ख्रिस्तसभा सोडली व प्रौढ बाप्तिस्मा आणि अहिंसा मानणाऱ्या छळग्रस्त गटांचे ते मार्गदर्शक झाले. अमेरिकेत गेलेल्या त्यांच्या वंशजांनी १८९३ साली शिकागोत आपले पहिले 'होम मिशन', म्हणजे घरचे मिशन, सुरू केले. शेतकरी समाजाने स्वतःच्याच देशातील शहरी गरिबांकडे जाणे हे त्यांच्या दृष्टीने घरचे मिशन. अवघ्या सहा वर्षांनी, १८९९ साली, त्यांचे मिशनरी मध्य प्रांतातील धमतरीस पोहोचले आणि लगोलग दुष्काळ पडला. अनाथ मुले आली, अनाथांचे संसार झाले, संसारांना जमीन हवी झाली आणि १९०६ साली मिशनने बालोदगहन हे गावच विकत घेतले. बेथेलचीच ही दुसरी आवृत्ती म्हणावी. फरक एवढाच की येथे मिशन स्वतःच मालगुजार झाले. उपदेशक आणि शेतसारा घेणारा मालक एकच असला की कुळाच्या श्रद्धेची पारख कशी करावयाची, हा प्रश्न दोन्ही गावांना लागू पडतो, धमतरीकडे तर अधिकच.

जॉन लॅप यांनी १९७२ साली भारतातील मेनोनाइट मंडळीचा इतिहास प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच १८९७ ते १९६२ असा काळ घातला आहे. १८९७ हे वर्ष दुष्काळ निवारणासाठी अमेरिकेतून मदत आली तेव्हाचे, म्हणजे मंडळीचा इतिहास तेथे मंडळी जन्मण्याआधी, देणाऱ्याच्या आगमनापासून सुरू होतो. हीच ती आमच्या तक्रारीची क्रियापदे! परंतु गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. १९९७ साली कलकत्त्यास मेनोनाइटांची जागतिक परिषद भरली. त्या सुमारास, प्रत्येक खंडाचा इतिहास त्या त्या खंडातील लोकांनीच लिहावा, अशी योजना हाती घेण्यात आली. तिच्या दोन प्रमुख संपादकांपैकी एक होते हेच जॉन लॅप. २०११ साली आशिया खंडाचा ग्रंथ निघाला. त्यातील भारताचे प्रकरण आय. पी. आशीर्वादम या भारतीय इतिहासकाराने लिहिले आहे. ज्याने एकदा मिशनचा इतिहास लिहिला त्यानेच पुढे लेखणी दुसऱ्याच्या हाती द्यावी, हे आम्हांस विद्वत्तेहून मोठे वाटते. असे करणारे संपादक आपल्या मराठी ख्रिस्ती जगात किती निघतील, हे आम्ही सांगू शकत नाही.

मेनोनाइटांचे कौतुक कॅथलिक त्रैमासिकाने कशासाठी करावे, असे विचारणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, १९९८ ते २००३ या काळात आपली ख्रिस्तसभा व मेनोनाइट जागतिक परिषद यांच्यात रीतसर संवाद झाला आणि सोळाव्या शतकातील जखमांचा इतिहास दोघांनी मिळून पुन्हा वाचावयास घेतला. तेथे एकत्र वाचता आले ते येथे का येऊ नये?

आणि आपले तरी काय? मराठवाड्यात आपले मिशन उभे राहिले ते संत फ्रान्सिस द सेल्सच्या मिशनरी धर्मगुरूंच्या कष्टांवर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात घोगरगावी आलेल्या फादर जाकिये यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. १९७७ साली औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला. त्यानंतर धर्मग्रामांच्या महोत्सवांच्या ज्या स्मरणिका निघाल्या त्यांतील बऱ्याच आमच्या पाहण्यात आल्या आहेत. प्रारंभी संदेश, मग आजवरच्या धर्मगुरूंची छायाचित्रांसह यादी, मग इमारतीच्या खर्चाचा हिशेब. ज्या मास्तरांनी बैलगाडीतून व पायी हिंडून गावोगाव प्रार्थना शिकविल्या, ते एका समूहचित्रात मागच्या ओळीत उभे असतात आणि खाली नावे दिलेली असतात ती पुढच्या ओळीची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली मिशनकार्यावरील आपल्या आदेशात धर्मशिक्षकांचा मुक्तकंठाने गौरव केला. तो आपल्या स्मरणिकांच्या संपादकांपर्यंत अजून पोहोचावयाचा आहे.

याला उपाय नाही असे नव्हे, आणि तो आपल्याच कपाटात आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत मुलाचे व आईबापांचे नाव असते, तसेच धर्मपिता व धर्ममाता यांचेही असते. जुन्या नोंदी लॅटिनमध्ये आहेत, नावांना संतांचे वेष्टन चढले आहे. तरीही कोण कोणाचा धर्मपिता झाला हे सलग वाचीत गेले, तर कोणत्या घराने कोणत्या घराला हात धरून आणले याचा माग निघू शकतो. सुवार्ताप्रसार हा असा सोयऱ्या-धायऱ्यांतून, बाजारच्या दिवशी, विहिरीच्या काठावर झाला असावा, असा आमचा तर्क आहे. धर्मगुरू पुष्कळदा शेवटी आले, पाणी घालावयास.

बेथेलचा असा इतिहास लिहावयाचा तर अधिक कष्ट पडतील. मिशनचे कागद इंग्रजीत आणि स्कॉटलंडच्या दिशेने तोंड करून लिहिलेले. निजामी दप्तराची भाषा आधी फारसी, १८८४ नंतर उर्दू. लोकांच्या आठवणी मराठीत, त्याही आता तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या तोंडी. जमीन कोणाच्या नावे लागली, सारा कोणी भरला, मिशन गेल्यावर ती कोणाकडे राहिली, हे महसुली कागद सांगतील तेवढे चर्चचा अहवाल सांगणार नाही. जुनी उर्दू वाचू शकणारी माणसे आज विरळ होत चालली आहेत. जालन्याच्या एखाद्या महाविद्यालयातील इतिहासाच्या प्राध्यापकाने तशा एका वृद्ध जाणकाराला शेजारी बसवून हे दप्तर चाळावयास घेतले, तर त्याचे पहिले प्रकरण या त्रैमासिकात छापण्यास आम्ही जागा राखून ठेवू. मग लेखक कॅथलिक असो, स्कॉटिश मंडळीच्या परंपरेतला असो, की ख्रिस्तीच नसो.