खलनायकांचा वाडा

पैसे देऊन घाबरण्याची हौस माणसाला कधीपासून लागली, कोण जाणे! आमच्या लहानपणी घाबरणं फुकट होतं. गणिताचे मास्तर होते, गल्लीच्या तोंडाशी बसणारं कुत्रं होतं, झालंच तर प्रगतिपुस्तकावर सही करणारे वडील होते. आता त्यासाठी तिकीट काढावं लागतं. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब एका मनोरंजन उद्यानात गेलो आणि तासभर रांगेत उभं राहून तिथल्या भूतबंगल्यात शिरलो. आत काळोख. पहिल्या वळणावर तारेला लटकवलेला एक सांगाडा अंगावर आला, दुसऱ्या वळणावर एक पांढरी साडी हवेत हलली आणि तिसऱ्या वळणावर ‘बाहेर’ अशी हिरवी पाटी आली. सांगाड्याची कवटी सैल झाली होती, त्यामुळे माझं सगळं लक्ष तिच्या स्क्रूकडे. ही म्हणाली, “अहो, त्या साडीला निदान इस्त्री तरी करायची!” आमची अकरा वर्षांची कन्या मात्र बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, “दचकले. पण घाबरले नाही.”

या एका वाक्यात तिकिटाचे पैसे वसूल झाले. भल्याभल्या समीक्षकांना चारशे पानांत जे सांगता येत नाही, ते पोरीनं चार शब्दांत सांगितलं. दचकायला नुसते कान पुरतात. घाबरायला ओळख लागते. कुकरची शिट्टी झाली की मी दचकतो. पण मॅनेजरसाहेब हसून, मऊ आवाजात, “जरा आत येता का?” म्हणाले की मी घाबरतो. शिट्टीनंतर भात मिळतो. साहेबांच्या केबिनमध्ये काय मिळेल, ते सांगता येत नाही.

परतीच्या बसमध्ये मी भूतबंगल्याचं सविस्तर परीक्षण सुरू केलं. वाशीचा पूल येईपर्यंत कन्येनं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, “बाबा, तू नुसती नावं ठेवतोस. मग तूच करून दाखव ना!” टीकाकाराला याहून जहरी शिवी अजून निघालेली नाही. घरी आल्या आल्या मी बँकेचं जुनं कॅलेंडर काढलं आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर नकाशा आखायला बसलो.

पहिला निर्णय असा की, भूत नको. भुताला काहीच नको असतं, हा त्याचा मोठा दोष आहे. बिचारं नुसतं हिंडतं. खलनायकाला मात्र काहीतरी हवं असतं : जमीन, खुर्ची, मिल, नाहीतर नायिका. आणि ज्याला आपल्याकडचं काही हवं असतं, त्याचीच भीती वाटते. तेव्हा भूतबंगल्याऐवजी खलनायकांचा वाडा. गाडीबिडीत बसून नव्हे, आपल्या पायांनी चालत बघायचा.

आता तुम्ही म्हणाल, या बँकेतल्या माणसाला या धंद्यातलं काय कळतं? म्हणून आधी थोडा अभ्यास केला. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९५५ साली डिस्नेलँड उघडलं, तेव्हा त्यात हिमगौरीच्या गोष्टीची एक गाडी होती. आत चेटकीण होती, जंगल होतं, पण हिमगौरी दिसत नव्हती. करणाऱ्यांची कल्पना अशी की गाडीत बसलेला माणूस हाच हिमगौरी! चेटकीण सफरचंद पुढे करते ते तुम्हालाच. कल्पना झकास, पण लोक बाहेर येऊन विचारू लागले, “हिमगौरी कुठे आहे?” शेवटी १९८३ साली आत तिची बाहुली बसवली. पुण्याहून आलेल्या माणसाला नाटकानंतर “मुख्य पात्र तुम्हीच होता,” असं सांगितलं तर तो तिकिटाचे पैसे परत मागेल, तसलाच हा प्रकार.

त्याच उद्यानात १९६९ साली एक झपाटलेला महाल उघडला. मूळ बेत लोकांनी तो चालत बघावा असा होता. पण चालणारी माणसं पुढे सरकत नाहीत. ज्याला आवडलं तो थांबतो, ज्याला कळलं नाही तोही थांबतो, आणि एखाद्याची चप्पल निसटते. पेन्शनच्या दिवशी काउंटर सांभाळलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. शेवटी त्यांनी न थांबता फिरणाऱ्या गाड्यांची माळ लावली. मी मात्र चालण्यावर ठाम आहे. गाडी आपल्याला खलनायकाकडे नेते, तेव्हा दोष गाडीचा. आपल्या पायांनी गेलो की दोष आपला.

आणि नेमका असा, चालत बघायचा, फक्त खलनायकांचा खेळ जपानात होऊन गेला आहे. टोकियो डिस्नेलँडमध्ये सिंड्रेलाच्या किल्ल्यात तो १९८६ पासून २००६ पर्यंत चालू होता. वाटाड्या लोकांचा घोळका घेऊन तळघरात उतरायचा. वाटेत सगळ्या दुष्टांची भेट व्हायची आणि शेवटी शिंगांचा एक हाडकुळा राजा समोर यायचा. मग घोळक्यातल्या एकाला पुढे बोलावून त्याच्या हाती तलवार द्यायची. त्यानं ती रोखली की दुष्टांचा नाश, आणि त्या वीराच्या गळ्यात पदक! बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. हे पदक ध्यानात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

वाड्याचं अंदाजपत्रक मी वाणिज्य पदवीधराला शोभेल अशा पद्धतीनं दोन रकान्यांत मांडलं : डावीकडे खर्च, उजवीकडे भीती. पहिलं दालन अर्थातच मोगँबोचं. ‘मिस्टर इंडिया’ १९८७ चा. बेट, सिंहासन, चकाकणारा गोल, क्षेपणास्त्रं आणि हुकूम होताच शिपाई उड्या टाकतात ते तेजाबाचं कुंड. शेजारीच १९८० च्या ‘शान’मधल्या शाकालचं फिरतं टेबल. खर्चाचा रकाना भरून खाली सांडला. आणि भीती? शून्य! मोगँबो पोरांना आवडतो. जो माणूस स्वतःच्या कामावर इतका खूश असतो, त्याला घाबरायचं कसं? शिवाय तेजाबाच्या कुंडाला कठडा लावा, असं पहिल्याच दिवशी कोणीतरी अधिकारी येऊन सांगणार. अमरीश पुरींनी सिनेमात स्थिरावण्यापूर्वी कितीतरी वर्षं कर्मचारी राज्य विमा निगमात नोकरी केली होती. मोगँबो कोऱ्या चेहऱ्यानं टेबलापलीकडे बसून म्हणतोय, “या अर्जासोबत अजून एक दाखला लागेल,” असं दालन केलं, तर कुंडाचा खर्च वाचून लोक खरोखर चळाचळा कापतील.

दुसरं दालन गब्बरचं. १९७५ चा ‘शोले’. इथे खर्च एकदम उतरला. गब्बरला महाल नाही, सिंहासन नाही, छप्परसुद्धा नाही. बंगळूरजवळच्या रामनगरचे नुसते खडक. तो नीट दिसण्याआधी पट्टा खडकावर घासत चाललेला ऐकू येतो, आणि तेवढ्यानं थिएटर गप्प व्हायचं. पट्ट्याची किंमत ती काय! पण पुढे हाच गब्बर ब्रिटानियाच्या ग्लुकोज बिस्किटांच्या जाहिरातीत आला आणि पोरं त्याच्या नावानं बिस्किटं मागू लागली. भीतीवर इतका घसारा कुठल्याच ताळेबंदात लागला नसेल.

तिसऱ्या दालनात नुसतं स्वयंपाकघर आहे. चूल, फळीवर ओळीनं मांडलेले डबे, आणि दारात उभी राहून एक डोळा बारीक करून बघणारी सासू. ललिता पवार मुळात नायिका होत्या. १९४२ साली एका प्रसंगाच्या चित्रीकरणात जोराची थप्पड बसली, चेहऱ्याला अर्धांगवायू झाला आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. त्या डोळ्याकडे बघून पुढे तीन पिढ्यांच्या सुनांनी पदर सावरले. खरं तर ‘अनाडी’त त्याच डोळ्यानं त्यांनी किती माया केली आहे, पण लोकांनी लक्षात ठेवली ती सासू आणि मंथरा. एका माणसाला झालेली इजा आपण सगळ्यांनी मिळून दुष्टपणा म्हणून वाचली, हा तिच्यावर केवढा अन्याय! असं काहीतरी मी उत्साहानं बोलत होतो. ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “हे दालन मी नाही बघणार.”

“का?”

“मी राहिलेय त्यात.” आणि आवाज एकदम खाली आणला, कारण पलीकडच्या खोलीत आई जपमाळ ओढत होती. मी उजव्या रकान्यात मोठा आकडा टाकला आणि विषय वाढवला नाही.

एव्हाना ताळेबंद स्पष्ट झाला होता. डावा रकाना उतरेल तसा उजवा चढत होता. खलनायकाच्या घराला जितकं सामान जास्त, तितका तो आपल्यापासून लांब. म्हणून शेवटच्या दालनात काही म्हणजे काहीच ठेवायचं नाही, असं ठरवलं. हे दालन निळू फुल्यांचं.

पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात एके काळी माळीकाम केलेला आणि राष्ट्र सेवा दलात वाढलेला हा सज्जन माणूस. पण पडद्यावर आला की खेड्यातल्या बाया बोटं मोडायच्या, असं सांगतात. त्यांचा ‘सामना’ १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. दिग्दर्शक जब्बार पटेल, लेखन विजय तेंडुलकरांचं. त्यातला साखरसम्राट हिंदुराव कोणावर सांगाडा सोडत नाही. दारूत बुडालेल्या एका जुन्या गांधीवादी मास्तराला तो घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, सन्मानानं ठेवतो. डॉ. लागूंचा तो मास्तर सगळं घेतो. पण गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळे नावाच्या माणसाबद्दल विचारायचं काही सोडत नाही. बस्स! एक यजमान, एक पाहुणा आणि एक प्रश्न. आपल्याकडे भीतीचा याहून स्वस्त आणि मजबूत सेट कोणी लावलेला नाही.

तर माझं शेवटचं दालन असं. लख्ख उजेड. वाड्याची ओसरी, झोपाळा, पानाचा डबा. यजमान उठून तुमचं स्वागत करतो. गाव विचारतो, वडलांचं नाव विचारतो, “अरे, म्हणजे आपलेच की!” म्हणतो. चहा येतो. चांगला, आलं घातलेला. भिंतीवर माणसांच्या तसबिरी ओळीनं आहेत, आणि मध्ये एक खिळा रिकामा. त्याबद्दल कोणी काही सांगत नाही. तलवार नाही, वाटाड्या नाही. चहा झाला की दार उघडं.

हे दालन मी कल्पनेनं काढलेलं नाही. नोकरीच्या सुरुवातीला मी तालुक्याच्या एका शाखेत होतो. तिथे दर सोमवारी एक म्हातारा शेतकरी पासबुक घेऊन यायचा आणि विचारायचा, “माझ्या नावचं कर्ज कुणी उचललं?” त्यानं ते उचललं नव्हतं, हे मला दिसत होतं. वहीतला अंगठा आणि त्याचा अंगठा यांत कोणालाही फरक दिसला असता. मी “साहेबांना विचारतो,” म्हणायचो. मग एका सोमवारी तो आला नाही. पुढच्याही नाही. गावातले एक वजनदार गृहस्थ शाखेत नेहमी येत. त्यांना मी सहज विचारल्यासारखं विचारलं. ते हसले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “गेला असंल पोराकडं ममईला. तुम्ही चहा घ्या.”

मी चहा घेतला. सहा महिन्यांनी माझी बदली झाली, आणि निरोप समारंभात नारळ आणि शाल त्याच गृहस्थांच्या हस्ते मिळाली. टोकियोचं पदक बघितलं तेव्हा मला ती शाल आठवली. त्यांच्याकडे निदान तलवार उचलणाऱ्याला बक्षीस देत होते.

नकाशा पुरा झाल्यावर कन्येला दाखवला. मोगँबो तिला पसंत पडला, गब्बरचे खडक पसंत पडले. शेवटच्या चौकोनापाशी ती थांबली. “इथे तर काहीच नाही. इथे आपण करायचं काय?”

“विचारायचं. तो खिळा रिकामा का, म्हणून.”

“आणि नाही विचारलं तर?”

“तर मग पुढच्या वेळी तिकीट लागत नाही. आपण वाड्यातलेच होतो.”

तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, “पण बाबा, ते आजोबा खरंच मुंबईला गेले का?”

मी म्हटलं, झोप आता, उद्या शाळा आहे.

कोणत्याही मनोरंजन उद्यानानं अजून माझ्याकडे नकाशा मागितलेला नाही, आणि मागतील असं वाटत नाही. चहाचं दालन कोण चालवणार? कॅलेंडर पुन्हा भिंतीवर लावलंय. जुनं झालं तरी, तारखांची बाजू बाहेर करून. ही म्हणते, गेल्या वर्षीचं कॅलेंडर कशाला ठेवलंय? मी म्हणतो, असू दे, खिळा रिकामा दिसायला नको.